कथासंग्रह, दिवाळी अंक आणि शोधनिबंध: संधी कुठे शोधाव्यात, खऱ्या-खोट्या कशा ओळखाव्यात?

रानजाई

जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे. मी महाविद्यालयात मराठी शिकवते, वय ३३. प्रश्न चार आहेत, सगळे एकाच धाग्यात विचारते.

१. बारा कथा तयार आहेत, पुस्तक एकही नाही. नवलेखक अनुदान आणि राज्य शासनाचे पुरस्कार यांचं नक्की कसं असतं? आधी काय, मग काय?

२. दिवाळी अंकांना कथा कधी आणि कशा पाठवायच्या? ओळखीशिवाय कोणी वाचतं का?

३. व्हॉट्सॲपवर सतत ‘राज्यस्तरीय स्पर्धा, प्रवेश शुल्क ७०० रुपये, प्रातिनिधिक संग्रहात समावेश, सन्मानचिन्ह’ अशा जाहिराती येतात. यात काही अर्थ असतो का?

४. जात्यावरच्या ओव्यांवर पीएचडी झाली आहे. त्यातून दोन-तीन निबंध काढायचे आहेत. यूजीसीची (विद्यापीठ अनुदान आयोगाची) मान्य नियतकालिकांची ‘केअर’ यादी बंद झाली असं सगळे सांगतात, मग आता नियतकालिक निवडायचं कशावरून? ‘सात दिवसांत प्रकाशन, १,८०० रुपये, इम्पॅक्ट फॅक्टर ७.८’ असं एक पत्रक आलंय.

तिसरं_प्रूफ

पहिल्या प्रश्नाचं उत्तर देतो.

नवलेखक अनुदान योजना महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची. ज्यांचं एकही पुस्तक आलेलं नाही त्यांच्यासाठीच ती आहे, म्हणून क्रम महत्त्वाचा. हौसेने स्वखर्चाने शंभर प्रती छापून घेतल्या की तुम्ही नवलेखक उरत नाही, मग ती पुस्तिका चाळीस पानांची का असेना. जाहिरात अलीकडे वर्षाच्या सुरुवातीला येते. मंडळाच्या संकेतस्थळावर आणि वर्तमानपत्रांत ती येते, पण वर्तमानपत्रातली चौकट हमखास नजरेतून सुटते, तेव्हा डिसेंबरपासून संकेतस्थळच बघत राहा. हस्तलिखित पूर्ण लागतं. ‘उरलेल्या तीन कथा नंतर पाठवते’ हे चालत नाही. अनुक्रमणिका, सलग पृष्ठांक, एकच फॉन्ट, आणि स्वतःचं लेखन असल्याचं प्रतिज्ञापत्र मागितलं असेल तर तेही. मंडळाने नेमलेले तज्ज्ञ वाचतात आणि निवडलेल्या हस्तलिखिताच्या प्रकाशनासाठी अनुदान मिळतं. ते पुस्तक छापण्यासाठी असतं, बक्षीस म्हणून हातात पडणारी रक्कम नव्हे.

पुस्तक आलं की पुढची पायरी स्व. यशवंतराव चव्हाण राज्य वाङ्मय पुरस्कार. त्यात पहिल्या पुस्तकांसाठी वेगळे पुरस्कार आहेत: लघुकथेसाठी ग. ल. ठोकळ, कवितेसाठी बहिणाबाई चौधरी, कादंबरीसाठी श्री. ना. पेंडसे, ललितगद्यासाठी ताराबाई शिंदे. रक्कम ५० हजार. प्रौढ वाङ्मयाच्या मुख्य गटात एक लाख, पण तिथे तुमच्यासमोर दहा-दहा पुस्तकं नावावर असलेले लेखक असतात.

इथे लोक कुठे अडकतात ते सांगतो. पात्रता कॅलेंडर वर्षावर ठरते: १ जानेवारी ते ३१ डिसेंबर या काळात निघालेली पहिली आवृत्ती. पुस्तक डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात आलं, बांधणीहून प्रती यायला जानेवारी उलटला आणि प्रवेशिकेची मुदत हुकली, तर त्या पुस्तकाची संधी कायमची गेली, कारण पुढच्या वर्षी ते ‘मागच्या वर्षीचं’ ठरतं. प्रकाशक नोव्हेंबर-डिसेंबर म्हणत असेल तर जानेवारीतच काढायला सांगा, पूर्ण वर्ष हाताशी राहतं. प्रवेशिका लेखकानेही पाठवलेली चालते, प्रकाशकाच्या भरवशावर बसू नका. मुंबईबाहेरच्यांना ती जिल्हाधिकारी कार्यालयात देता येते. तिथे पोच घ्या, आणि पाकिटावर जाहिरातीत सांगितलेला मजकूर जसाच्या तसा लिहा.

वयाचंही गणित मांडा. साहित्य अकादमीचा युवा पुरस्कार २०११ पासून आहे, ५० हजार रुपये आणि ताम्रपट. पुरस्कार-वर्षाच्या १ जानेवारीला वय ३५ किंवा कमी हवं. म्हणजे तुमच्याकडे जेमतेम दोन वर्षं. अनुदानाच्या निकालाला किती वेळ लागेल हे तुमच्या हातात नाही. युवा पुरस्कार गाठायचा असेल तर त्याच वेळी प्रकाशकांकडेही हस्तलिखित दाखवणं शहाणपणाचं, फक्त दोन्हीकडे तसं स्पष्ट कळवा. नॅशनल बुक ट्रस्टच्या पीएम-युवा या तरुण लेखकांसाठीच्या योजनेत तुम्ही आता बसत नाही, तिथे मर्यादा ३० वर्षांची आहे. तुमच्या विद्यार्थ्यांना मात्र जरूर सांगा. सहा महिने दरमहा ५० हजार आणि पुस्तकाच्या विक्रीवर १० टक्के रॉयल्टी. २०२५ च्या फेरीत दहा हजार शब्दांचा प्रस्ताव मागवला होता: सारांश, प्रकरणांचा आराखडा, दोन-तीन नमुना प्रकरणं आणि संदर्भसूची. बहुतेक प्रस्ताव आराखड्यातच ढेपाळतात, कारण विषय ठरलेला असतो आणि पुस्तक ठरलेलं नसतं.

सीमाभाग

वरच्यात भर. महाराष्ट्राबाहेर राहून मराठीत लिहिणाऱ्यांसाठी याच राज्य पुरस्कारांत सरफोजी राजे भोसले बृहन्महाराष्ट्र पुरस्कार आहे. बेळगाव, गोवा, इंदूर, बडोदे इथल्या लेखकांना तो बऱ्याचदा माहीतच नसतो.

उपसंपादक

दिवाळी अंकांबद्दल.

ओळखीशिवाय वाचतात. पण कधी वाचतात ते समजून घ्या. मोठ्या अंकांची अर्ध्याहून जास्त पानं निमंत्रितांची असतात, आणि ती पत्रं फेब्रुवारी-मार्चमध्ये गेलेली असतात. उरलेल्या पानांसाठी एप्रिल ते जून हा काळ उत्तम. जुलैअखेर बहुतेकांची दारं बंद होतात. ऑगस्टमध्ये आलेली कथा चांगली असली तरी पुढच्या वर्षाच्या फोल्डरमध्ये जाते आणि तिथेच विसरली जाते. २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठामुळे लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला येतंय. म्हणून मुदत महिनाभर पुढे गेली असं समजू नका. अंक बाजारात लवकर आणायची चढाओढ असते, मुदत फारशी सरकत नाही.

अंक निवडताना मागच्या दोन वर्षांचे प्रत्यक्ष चाळा. वाचनालयांत दिवाळी अंकांची वेगळी योजना असते, महिनाभरात पंधरा-वीस अंक सहज पाहून होतात. श्रेयनामावलीच्या पानावर साहित्य पाठवायचा ईमेल असतो, आणि बऱ्याच अंकांत पुढच्या वर्षीच्या कथास्पर्धेची घोषणाही तिथेच कुठेतरी कोपऱ्यात असते. लेखकांची नावं बघा. सगळीच प्रस्थापित असतील तर तिथे पहिली कथा पाठवून चार महिने अडकवून ठेवण्यात अर्थ नाही.

लांबी: २,५०० ते ४,००० शब्द. सहा हजारांची कथा नाकारली जाते ती वाईट म्हणून नव्हे. तिच्या जागेत दोन कथा आणि एक जाहिरात बसते म्हणून.

आता फाइल. युनिकोडमध्ये टाइप केलेली वर्ड फाइलच पाठवा. पीडीएफ नको, वहीच्या पानांचे फोटो तर नकोच. मांडणी अजूनही अनेक ठिकाणी श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये होते आणि रूपांतरात ठरावीक अक्षरं मरतात. ‘ॲ’च्या जागी रिकामी चौकट येते, ‘दऱ्या’, ‘सुऱ्या’मधला अर्धा र तुटतो, अवतरणचिन्हं उलटी पडतात. प्रूफ पाहायला मिळालं तर आधी हीच ठिकाणं शोधा. परिच्छेदाच्या सुरुवातीला स्पेसबार दाबून जागा सोडू नका. प्रत्येक ओळीच्या शेवटी एंटर तर अजिबात नको, मांडणी करणाऱ्याला ते एकेक काढत बसावं लागतं आणि त्याचा राग तुमच्या कथेवर निघतो.

ईमेलमध्ये तीन ओळी पुरतात: कथेचं नाव, शब्दसंख्या, आणि ‘ही कथा अप्रकाशित असून अन्यत्र पाठवलेली नाही’. त्यापुढे फोन नंबर. कथेचा आशय समजावून सांगू नका. एकच कथा एकाच वेळी दोन अंकांना पाठवणं हा या व्यवहारातला सगळ्यात मोठा गुन्हा. दोन्हीकडे छापून आली तर पुढची काही वर्षं दोन्ही दारं बंद. पोच येत नाही हे गृहीत धरा. सहा आठवड्यांनी एक विचारणा करा. तरी उत्तर नाही तर ‘कथा परत घेत आहे’ असं लेखी कळवा आणि दुसरीकडे पाठवा.

फेसबुकवर किंवा एखाद्या ॲपवर टाकलेली कथा बहुतेक संपादक आणि परीक्षक प्रकाशितच धरतात. मग स्पर्धेतून बाद होते. आधी छापील, मग समाजमाध्यमं.

मानधनाचं आधी विचारा, त्यात संकोच नको. काही अंक नियमाने देतात, काही फक्त अंकाची प्रत देतात, काहींना प्रतीसाठीही आठवण करावी लागते. मुलांसाठी लिहीत असाल तर बालभारतीचं ‘किशोर’ विसरू नका, ते मासिक असल्याने दिवाळीवर अवलंबून नाही.

कलम_एकोणीस

तिसऱ्या प्रश्नाचं थोडक्यात उत्तर: त्या जाहिरातीत स्पर्धा नाही, विक्री आहे. साठ कवींकडून प्रत्येकी ७०० म्हणजे ४२ हजार. तेवढ्यात लहान संग्रहाच्या दोनशे प्रती आणि साठ सन्मानचिन्हं होऊन वर काही उरतं. भाग घेणारा प्रत्येक जण संग्रहात असतो, म्हणजे निवड झालेलीच नसते. ज्यात निवड नाही त्याचा उल्लेख परिचयात केला तर जाणकार वाचक उलटाच अर्थ काढतो.

प्रवेश शुल्क म्हणजे फसवणूकच असंही नाही. नाट्यस्पर्धांत नाट्यगृहाचा खर्च असतो, तिथे शुल्क रास्त आहे. मी चार गोष्टी बघतो. परीक्षकांची नावं आधी किंवा निदान निकालासोबत जाहीर होतात का. मागच्या वर्षीचा निकाल कुठे छापून आलाय का, आणि विजेत्या कथा वाचायला मिळतात का. रोख बक्षिसाची रक्कम लिहिली आहे की नुसतं ‘आकर्षक बक्षीस’. आणि हस्तलिखितावर नाव लिहू नका असं सांगितलंय का. शेवटची अट सगळ्यात बोलकी. मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेत १९७४ साली जयंत नारळीकरांनी आद्याक्षरं उलटी करून ‘नारायण विनायक जगताप’ या नावाने कथा पाठवली होती आणि पहिला क्रमांक मिळवला. नावाचा परिणाम होऊ नये ही काळजी लेखकालाच घ्यावी लागली. आज नियमावलीतच ती घेतलेली असावी. नाव वेगळ्या कागदावर मागितलं असेल तर फाइलच्या नावात आणि वर्डच्या ‘ऑथर’ या रकान्यातही ते राहणार नाही हे तपासा. तिथे ते हमखास राहतं.

हक्कांची अट नीट वाचा. ‘पाठवलेल्या सर्व साहित्याचे हक्क आयोजकांकडे राहतील’ असं असेल तर पाठवू नका, कारण न जिंकलेल्या कथेवरही ते हक्क सांगतात. एकदा प्रसिद्ध करण्यापुरता हक्क मागणं योग्य. प्रताधिकार कायदा १९५७, कलम १९ प्रमाणे हक्कांचं हस्तांतरण लेखी आणि सहीनिशी व्हावं लागतं. मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. घेतलेला हक्क वर्षभरात वापरला नाही तर, करारात वेगळं म्हटलेलं नसल्यास, तो संपतो. प्रकाशकाने ‘हे नेहमीचंच आहे, सही करा’ म्हणून कागद पुढे केला तर आधी मुदत बघा. कोरी असेल तर वाईट नाही, ‘कायमस्वरूपी’ असेल तर थांबा. अनुवाद, श्राव्य पुस्तक आणि चित्रपट यांचे हक्क वेगळे लिहून घ्या. कथासंग्रहाला छापील आवृत्तीपेक्षा पुढे तेच जास्त उपयोगी पडू शकतात.

तळटीप_सात

चौथा प्रश्न. थोडं सविस्तर लिहावं लागेल.

केअर यादी २०१९ मध्ये आली आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये यूजीसीने ती बंद केल्याचं जाहीर केलं. तिच्या जागी नवी यादी नाही. नियतकालिक कसं पारखावं याचे निकष सुचवले आहेत आणि यंत्रणा उभारायची जबाबदारी संस्थांवर टाकली आहे. म्हणून पहिलं काम: तुमच्या महाविद्यालयाने किंवा विद्यापीठाने कोणते निकष स्वीकारलेत ते लेखी मागून घ्या. निबंध छापून आल्यावर ‘हे आमच्याकडे धरत नाहीत’ असं ऐकण्यापेक्षा हे बरं. शिक्षकांच्या नेमणूक-पदोन्नतीसाठीच्या यूजीसीच्या २०१८ च्या नियमांत भाषा विषयांसाठी समीक्षित नियतकालिकातल्या एका निबंधाला १० गुण आहेत, संपादित पुस्तकातल्या प्रकरणाला ५. चर्चासत्राच्या इतिवृत्ताला आयएसबीएन (पुस्तकाचा ओळखक्रमांक) लावून ‘पुस्तक’ म्हणून विकतात त्यामागे हे ५ गुण असतात.

तुमच्याकडे आलेलं पत्रक कचऱ्यात टाका. इम्पॅक्ट फॅक्टर म्हणजे नियतकालिकातल्या निबंधांचा इतरांनी सरासरी किती वेळा संदर्भ दिला याची, क्लॅरिव्हेट या कंपनीच्या जर्नल सायटेशन रिपोर्ट्समधली मोजणी आहे. मराठीतलं नियतकालिक ७.८ सांगत असेल तर तो आकडा पैसे घेऊन आकडे वाटणाऱ्या एखाद्या कंपनीचा आहे. आणि सात दिवसांत दोन समीक्षकांनी वाचून, शेरे देऊन, लेखकाने दुरुस्त करून निबंध छापणं होत नाही.

आयएसएसएन म्हणजे गुणवत्तेचा शिक्का नव्हे, तो नियतकालिकाचा फक्त ओळखक्रमांक. तरी तपासा, कारण खोटे क्रमांकही फिरतात. आठ अंकांतला शेवटचा तपासणीचा असतो. पहिल्या सात अंकांना अनुक्रमे ८, ७, ६, ५, ४, ३, २ ने गुणा, बेरजेला ११ ने भागा, बाकी ११ मधून वजा करा. बाकी शून्य असेल तर शेवटचा अंक शून्य, उत्तर १० आलं तर तिथे एक्स. उदाहरणार्थ ०३१७-८४७१: बेरीज १२०, बाकी १०, शेवटचा अंक १, म्हणजे बरोबर. मग आयएसएसएनच्या आंतरराष्ट्रीय पोर्टलवर तोच क्रमांक टाकून नाव, प्रकाशक आणि देश जुळतात का पाहा. नामांकित नियतकालिकाचं नाव आणि क्रमांक चोरून बनावट संकेतस्थळ चालवणं हा नेहमीचा उद्योग आहे. क्रमांक खरा, पण पैसे भलत्याच खात्यात. संपर्कासाठी छापील अंकातला पत्ता वापरा. आणि जुना अंक उघडून निबंध मोजा: त्रैमासिकाच्या एका अंकात वाणिज्य, रसायनशास्त्र आणि तुकाराम धरून दीडशे निबंध असतील तर समीक्षा कोण करतं हे विचारायची गरज नाही.

ओव्यांसाठी मी आधी कुठे पाहीन? भाषेच्या अंगाने असेल तर मराठी अभ्यास परिषदेचं ‘भाषा आणि जीवन’. वाङ्मयीन अंगाने महाराष्ट्र साहित्य परिषदेची ‘महाराष्ट्र साहित्य पत्रिका’, विदर्भ साहित्य संघाचं ‘युगवाणी’, मराठवाडा साहित्य परिषदेचं ‘प्रतिष्ठान’. श्रम, जात, स्त्रियांचं जगणं हा रोख असेल तर ‘समाज प्रबोधन पत्रिका’ किंवा वाईचं ‘नवभारत’. यांचे अंक कधी कधी उशिरा निघतात. पदोन्नतीची तारीख जवळ असेल तर स्वीकृतीपत्र मागून घ्या.

रानजाई

सगळ्यांचे मनापासून आभार. पत्रक टाकलं. एक उपप्रश्न: प्रबंधातलं प्रकरण साठ पानांचं आहे. ते जसंच्या तसं कापून पाठवलं तर? आणि प्रबंध शोधगंगेवर (प्रबंधांच्या ऑनलाइन भांडारात) असताना वाङ्मयचौर्य तपासणीत अडकेल का?

तळटीप_सात

कापून नको. प्रबंध परीक्षकाला ‘मी सगळं वाचलंय’ हे दाखवण्यासाठी लिहिलेला असतो. निबंधाच्या वाचकाला एकच दावा हवा असतो. ओवीची व्याख्या, लोकसाहित्य म्हणजे काय, पूर्वसूरींचा आढावा ही पहिली वीस पानं सरळ जातात. उरलेल्यातून एक मुद्दा घ्या, समजा माहेरच्या ओव्यांत भावाचा उल्लेख कुठे येतो आणि कुठे टाळला जातो. तो चार ते पाच हजार शब्दांत मांडा. वीस ओव्या देण्यापेक्षा सहा द्या आणि त्या सहांवर नीट बोला. प्रत्येक ओवीखाली गाव, तालुका, संकलनाचं वर्ष हवं. गाणारीचं नाव तिची संमती असेल तरच. संमती तोंडी घेतली असेल तर ती ध्वनिमुद्रित आहे का ते आत्ताच पाहा. दहा वर्षांपूर्वीच्या छापील संग्रहातली ओवी स्वतःच्या संकलनात मिसळली तर जाणकार समीक्षक ती पहिल्या वाचनात पकडतो.

शोधगंगेवरचा प्रबंध तुमचाच आहे, त्यामुळे साम्य दिसेलच. पहिल्या पानावर तळटीप द्या: ‘हा निबंध अमुक विद्यापीठास अमुक वर्षी सादर केलेल्या प्रबंधातील तिसऱ्या प्रकरणावर आधारित आहे.’ संपादकालाही ईमेलमध्ये हेच सांगा. यूजीसीच्या वाङ्मयचौर्याबाबतच्या २०१८ च्या नियमांत १० टक्क्यांपर्यंत साम्याला दंड नाही, अवतरणचिन्हांतला आणि संदर्भ दिलेला मजकूर वगळून. तुमच्या निबंधात ओव्याच इतक्या असतील की त्या वगळल्या नाहीत तर आकडा फुगेल. ओव्या अवतरणचिन्हांत किंवा वेगळ्या परिच्छेदात ठेवा, म्हणजे आकडा पाहणाऱ्याला त्या वेगळ्या काढता येतील.

आणि जुन्या फॉन्टमधली पीडीएफ तपासणी प्रणालीला वाचता येत नाही. ‘साम्य शून्य टक्के’ असा अहवाल आला तर आनंदून जाऊ नका, तिने काही वाचलेलंच नसतं. त्याच कारणाने असा निबंध इंटरनेटवर शोधूनही सापडत नाही. नियतकालिक पीडीएफ देत असेल तर त्यातली एक ओळ कॉपी करून दुसरीकडे चिकटवून पाहा. रोमन अक्षरांचा कचरा आला तर युनिकोड प्रत स्वतःकडे ठेवा आणि ती कुठे ठेवता येईल हे संपादकांना विचारा.

तिसरं_प्रूफ

दोन किरकोळ पण खिशाला लागणाऱ्या गोष्टी राहिल्या. भारतात आयएसबीएन मोफत मिळतो. राजा राममोहन रॉय राष्ट्रीय एजन्सीकडे ऑनलाइन अर्ज करायचा, स्वतः प्रकाशित करणारा लेखकही करू शकतो. कोणी ‘आयएसबीएनचे तीन हजार’ म्हणून वेगळे लावले तर तो क्रमांक त्याच्या संस्थेच्या नावावर असतो, तुमच्या नाही. तेव्हा अंदाजपत्रकातली ती ओळ खोडून घ्या.

दुसरं, पुरस्कारांना प्रती पाठवायचा खर्च. पाच-सात ठिकाणी दोन ते चार प्रती म्हटलं तरी वीसेक पुस्तकं जातात. टपाल खात्याची पुस्तकांसाठी ‘ज्ञान पोस्ट’ सेवा १ मे २०२५ पासून आहे. ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये, ५ किलोपर्यंत १०० रुपये, कर वेगळा, आणि माग काढता येतो. पुस्तकावर मुद्रक किंवा प्रकाशकाचं नाव छापलेलं हवं. मासिकं त्यात चालत नाहीत, म्हणजे दिवाळी अंक नाही. ती जमिनीवरून जाते म्हणून स्वस्त आहे, तेव्हा मुदतीच्या आधी पंधरा दिवस हातात ठेवा. मुदत ‘पोहोचण्याची’ आहे की ‘टपालात टाकण्याची’ हे जाहिरातीत बघा. उद्याच शेवटची तारीख असेल तर मुकाट्याने स्पीड पोस्टाने पाठवा किंवा स्वतः नेऊन द्या.